रेसमधून रिटायर झालेला ग्रेहाउंड घरी आणताय? आधी हे वाचा, मग गादी घ्या

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढा, की हा रेसचा कुत्रा आहे म्हणजे याला रोज दहा किलोमीटर पळवावं लागणार. आम्हाला पण तेच वाटलं होतं. नवऱ्याने तर त्याच्याबरोबर पळायला म्हणून नवे शूज घेतले, ते आता दूध आणायला जाताना घालतो. आमचा आप्पा दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात झोपायला जागा शोधतो.

आप्पा नाव कसं पडलं ते पण सांगते. पंजाबातून आमच्याकडे इंदूरला आला तेव्हा त्याचं नाव तूफान होतं. तीन दिवस आम्ही तूफान तूफान करून हाका मारल्या, त्याने कान पण हलवला नाही, आणि चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सासऱ्यांच्या आरामखुर्चीच्या बाजूला असा काही पसरला की सासूबाई म्हणाल्या, हे घ्या अजून एक रिटायर आप्पा. तेच राहिलं. फक्त आता 'आप्पा, खाली ठेव ते', 'आप्पा, इथे शू नाही करायची' असं ओरडलं की शेजारच्या काकू सासऱ्यांकडे फार दयेने बघतात.

तर मुद्दा असा की पळणं याला येतंच, ते तुम्ही नका शिकवू. याला येत नाही ते घर. जिना, काच, फरशी, आरसा, मिक्सर, कुकरची शिट्टी, दार बंद करून माणसं बाहेर जाणं, यातलं काहीच त्याने बघितलेलं नसतं, कारण रेसचा कुत्रा जन्मापासून केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत असतो, बाहेर काढतात ते पळवायला आणि परत आत. तीन-चार वर्षांचा धिप्पाड कुत्रा असतो पण घराच्या बाबतीत एकदम पिल्लू. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं जातं.

आपल्याकडे हे कुत्रे बहुतेक पंजाबातून येतात. तिकडे गावोगावच्या मेळ्यांत ग्रेहाउंडच्या शर्यती लावतात आणि कुत्रा जिंकेनासा झाला किंवा पायाला मार लागला की शेतात, हायवेवर सोडून देतात, तिथून रेस्क्यूवाले उचलतात. अमेरिकेत रेसच्या कुत्र्याच्या कानांत नंबर गोंदलेले असतात, त्यावरून जन्माचा महिना-वर्ष सगळं कळतं, आपल्याकडच्याला असा काही दाखला मिळेल ही आशा ठेवू नका, दात बघून वयाचा अंदाज करतात तेवढंच. रेस्क्यूवाल्यांना हे नक्की विचारा: नसबंदी झाली का, मांजर समोर आलं तर काय करतो, छोट्या कुत्र्यांशी कसा आहे, एकटा किती वेळ राहतो, जुनं फ्रॅक्चर आहे का, गोचिडांच्या तापाची टेस्ट कधी केली. ते तुम्हाला पण विचारतील, घराचे फोटो मागतील, व्हिडिओ कॉलवर दार-गेट बघतील. राग मानू नका, जे काहीच न विचारता कुत्रा देतात त्यांच्याकडून घेऊच नका.

आणायचा कसा हा प्रश्न इंदूरवाल्यांना पडतोच. मालवा एक्सप्रेस लुधियानाहून थेट इंदूरला येते, पण रेल्वेत कुत्रं सोबत बसवायचं तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्या नावावर पाहिजे, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली, कुत्र्यांची पेटी. त्या पेटीत तीस किलोचा घाबरलेला ग्रेहाउंड एक अख्खा दिवस, हे मला झेपलं नाही. आम्ही गाडी काढली, मध्ये एक मुक्काम केला, मागची सीट पाडून गाद्या टाकल्या आणि तो पूर्ण रस्ताभर उभा राहिला. ग्रेहाउंडला बसायला जड जातं बरं का, मांडीचे स्नायू एवढे भरलेले असतात की कुत्र्यासारखं ढुंगण टेकून बसणं त्याला अवघडच जातं, म्हणून 'सिट' शिकवण्यात जीव घालवू नका. एक तर उभा नाहीतर आडवा.

घरी यायच्या आधी ही तयारी करा. एक, मार्टिंगेल कॉलर. साधा पट्टा याला चालत नाही कारण मान डोक्यापेक्षा जाड असते, मागे सरकला की पट्टा सरळ डोक्यावरून निघतो आणि तुमच्या हातात नुसती दोरी. मार्टिंगेल ओढल्यावर थोडा आवळतो आणि तेवढाच आवळतो, गळा दाबत नाही. आम्ही सुरुवातीचे सहा महिने कॉलर आणि हार्नेस (छातीवरून बांधायचा पट्टा) दोन्ही घालून दोन लीश लावायचो, लोक हसायचे, हसू दे. ती लांब होत जाणारी, बटणवाली लीश मात्र चुकूनही घेऊ नका. पाच मीटर दोरी मिळाली तर हा तेवढ्यातही चांगलाच वेग पकडतो आणि टोकाला जो झटका बसतो त्यात त्याची मान आणि तुमचा खांदा दोन्ही जातात.

दोन, फरशी. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स याच्यासाठी बर्फ आहेत. पहिल्या दिवशी आप्पा दारातून दोन पावलं आत आला, चारी पाय चार दिशांना गेले आणि मग तो जो पायपुसण्यावर उभा राहिला तो तिथून हलेचना. मग घरातली होती नव्हती ती सगळी पायपुसणी, सतरंज्या, मुलीची योगा मॅट असं अंथरून दारापासून गादीपर्यंत आणि गादीपासून पाण्यापर्यंत रस्ता केला. दोन महिने आमच्या घरात अशा पायवाटा होत्या आणि आम्ही पण त्याच्यावरूनच चालायचो. काचेचं दार असेल तर त्याच्या नाकाच्या उंचीवर टेप लावा, नाहीतर तो सरळ जाऊन आदळतो.

तीन, गादी. ही खरंच जाड पाहिजे. अंगावर चरबी नाही, हाडं सरळ फरशीवर टेकतात, कोपरांना घट्टे पडतात. जुनी कापसाची गादी दुमडून वर गोधडी टाकली तरी चालते, आमच्याकडे सासूबाईंनी स्वतः शिवलेली गोधडी आहे, जी त्यांनी मला लग्नात दिली नव्हती.

जिना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिले तीन दिवस नवरा त्याला उचलून वर-खाली करत होता, मग कंबर धरली म्हणून शिकवावंच लागलं. पद्धत अशी, की पूर्ण जिना दाखवायचा नाही, उचलून वरून दुसऱ्या पायरीवर ठेवायचं आणि शेवटच्या दोन पायऱ्या चढायला लावायच्या, वर एकाने चिकनचा तुकडा धरून बसायचं. मग तीन पायऱ्या, मग पाच. एक जण मागून आधार द्यायला, एक जण त्याचा पुढचा पाय हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायला. चढणं दोन दिवसांत येतं, उतरणं जास्त कठीण कारण त्याला एकदम उडीच मारायची असते, तिथे लीश आखूड धरा आणि भिंतीच्या बाजूने उतरवा. घाई केली आणि एकदा घरंगळला तर पुढे महिनाभर जिन्याकडे बघणार नाही.

शी-शूचं टेन्शन फार नाही. केनेलमधून ठरलेल्या वेळी बाहेर काढायची सवय असते, ती फक्त आपल्या घड्याळावर आणायची. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर आणि झोपेतून उठल्या उठल्या लगेच खाली न्या. घरात झालीच तर ओरडू नका, पुसा आणि व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, फिनाइल नको, कुत्र्यांना ते बाधतं. आणि पिशवी खिशात ठेवा हे इंदूरमध्ये मी वेगळं काय सांगू, सहा प्रकारचा कचरा वेगळा करणारे लोक आपण. कचरागाडीच्या गाण्याला मात्र आप्पा रोज सकाळी सूर लावतो, तसाच गणपतीत आरतीला शंख वाजला की लावतो, मान वर करून एकदम गंभीरपणे.

झोपेचं आता नीट वाचा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. ग्रेहाउंड कधी कधी डोळे उघडे ठेवून झोपतो. तुम्हाला वाटतं जागा आहे, तुम्ही वाकून हात लावता आणि तो दचकून गुरकावतो, एखादा चावतो पण. यात रागाचा काही भाग नाही, केनेलमध्ये झोपेत त्याला कधी कुणी हातच लावलेला नसतो. आमच्या घरी नियम आहे, आधी लांबून नाव घ्यायचं, डोकं हललं की मग जवळ. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की आधी हा नियम, मग सरबत. आप्पाची गादी ही आप्पाची, तिथे कुणी जाऊन लोळायचं नाही. वर्षभरात त्याचं दचकणं जवळपास गेलंय तरी नियम ठेवलाय.

एकटं राहणं हे जिन्यापेक्षा अवघड निघालं. केनेलमध्ये आजूबाजूला दहा कुत्रे असतात, पूर्ण एकटेपणा त्याने कधी बघितलेला नसतो. सुरुवात एका मिनिटापासून करा, दाराबाहेर जा, परत या, लाड नाही की नाटक नाही. मग पाच मिनिटं, मग कोपऱ्यावरून पोहे आणण्याइतका वेळ. जाताना काँगसारख्या रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये जमवलेला असला तर तो द्या, अर्धा तास त्यात जातो. दोघं पण दहा तास ऑफिसला आणि घरी कुणीच नाही असं असेल तर खरं सांगू का, हा कुत्रा आत्ता आणू नका.

खाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलणी बसली. ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत, तसाच तो तब्येतीत असतो, पण आपल्याकडे बरगडी दिसली की लोकांचा जीव तुटतो. वॉचमन भैया मला पहिल्या आठवड्यात म्हणाला, मैडम इसको खाना नहीं देते क्या? मग कॉलनीत ज्याच्या मनात येईल तो त्याला खायला घालायला लागला, सकाळचे पोहे, शेव, जिलबी, एकाने तर कचोरी. पोह्यांत कांदा असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, शेवेत तिखट-मीठ, शिऱ्यातला बेदाणा किडनीला घातक, चॉकलेट तर माहितीच आहे. शेवटी मी त्याच्या हार्नेसला चिठ्ठी लावली, 'माझं जेवण झालंय, मैं ऐसा ही हूं'. रेसच्या वजनापेक्षा रिटायर झाल्यावर दोन-तीन किलो वाढलं तर छान, त्यापुढे सांध्यांवर भार येतो. आधी जे खात होता त्यावरून नवीन खाण्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू आणा, एकदम बदललं की जुलाब, आणि जुलाब नसले तरी गॅस. ग्रेहाउंडचा गॅस हा विषय मोठा आहे, खिडकी उघडा एवढंच सांगते.

ओट्यावर काही ठेवू नका. याचं नाक ओट्याच्या वर येतं, उडी मारायची पण गरज नाही. पाडव्याला मी श्रीखंडासाठी चक्का बांधून नळाला टांगला होता, रात्री उठून बघते तर आप्पा बेसिनमध्ये मान घालून पंचा खालून चोखतोय, अगदी शांतपणे, डोळे मिटून. अर्धा चक्का गेला होता. श्रीखंड दुकानातून आणलं आणि आप्पाचे दोन दिवस जिन्यावर गेले.

आता डॉक्टर. हा भाग वेळ काढून वाचा कारण इथे चूक महाग पडते. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांपेक्षा वेगळं असतं. लाल पेशी जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचा टी-फोर कमी, किडनीच्या टेस्टमधलं क्रिएटिनिन जरा वर, आणि हे सगळं त्याच्यासाठी नॉर्मल आहे. पण रिपोर्टवर जे नॉर्मल छापलेलं असतं ते बाकीच्या कुत्र्यांचं, त्यामुळे धडधाकट ग्रेहाउंडला थायरॉइडची गोळी सुरू होऊ शकते. आपल्याकडे याहून मोठा घोळ प्लेटलेटचा. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया नावाचा ताप आपल्या भागात भरपूर, आणि त्यात पहिली खूण म्हणजे प्लेटलेट पडणं. आप्पाला आणल्यावर पहिल्याच तपासणीत प्लेटलेट कमी दिसल्या आणि एका डॉक्टरांनी तिथेच महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, ताप नाही, खाणं व्यवस्थित, हिरड्या गुलाबी. आम्ही गोळ्या सुरू करायच्या आधी स्मिअर आणि पीसीआर या रक्ताच्या दोन टेस्ट करून घेतल्या, काही नव्हतं निघालं. याचा अर्थ टिक फीवर होतच नाही असं अजिबात नाही, उलट पंजाबातून आलेल्या कुत्र्याची एर्लिकिया आणि बबेसिया (हा पण गोचिडांचाच आजार) दोन्हीची टेस्ट कराच. फक्त कुत्रा ठणठणीत असताना एकदा पूर्ण रक्त तपासून तो कागद फाइलमध्ये ठेवा, पुढे आजारी पडला तर तुलना त्या कागदाशी करायची. इंदूरमध्ये कुणाला ग्रेहाउंडचा अनुभव नसेल तर महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथे विचारता येतं.

ऑपरेशन किंवा दात साफ करायला भूल द्यायची असेल तर आधीच सांगा की हा ग्रेहाउंड आहे. थायोपेंटलसारखी जुनी बार्बिट्युरेट भूल याच्या शरीरातून फार हळू उतरते, आता दुसरी औषधं आहेत, ती वापरतात. आणि ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी अचानक टाक्यांतून रक्त यायचा प्रकार या जातीत बऱ्यापैकी होतो, म्हणून नसबंदी करून घरी आणल्यावर तीन-चार दिवस जखमेच्या आजूबाजूला काळं-निळं पडतंय का बघत राहा आणि आधीच डॉक्टरांशी यावर बोलून ठेवा. दात या कुत्र्यांचे बहुतेक खराब असतात, रोज ब्रश, कंटाळा आला तरी. पायाच्या गादीत कुरूप होतं, आपल्याला होतं तसंच, डांबरी रस्त्यावर लंगडतो आणि मातीवर बरा चालतो ही त्याची ओळख. पण लंगडणं आठ दिवसांत कमी होत नसेल तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा, हाडाचा कॅन्सर या जातीत जास्त दिसतो.

कातडी एवढी पातळ की बाभळीच्या काट्याने जुन्या धोतरासारखी टरकन फाटते. आणि इथे येतो तो आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न. परदेशातल्या लोकांनी लिहिलेलं वाचाल तर त्यात हा विषयच नसतो, आपल्याकडे मात्र रोजचं फिरणं याच्यावरच अडतं. गल्लीच्या कुत्र्यांना हा कुत्राच वाटत नाही, उंच, बारीक, शेपूट पायात घातलेला, काहीतरी वेगळंच जनावर आलं म्हणून सगळी टोळी अंगावर येते, आणि त्यातल्या एकाने नुसतं गमतीत धरलं तरी याला आठ टाके.

आम्ही काय केलं, तर आधी आठवडाभर आप्पाला न घेता मीच त्या रस्त्यावर फिरले आणि कुठली टोळी कुठे बसते ते बघून ठेवलं. मग त्यांना खायला घालणाऱ्या काकांशी ओळख काढली, त्यांनी सांगितलं कोण नुसतं भुंकतं आणि कोण खरं चावरं. ते काका सोबत असताना आप्पाला लांबून रोज पाच मिनिटं दाखवला. पंधरा दिवसांत आमच्या गल्लीने त्याला घेतलं पदरात, आता तो आला की एक जण शेपूट हलवतो आणि बाकीचे डोकं पण वर करत नाहीत. पण चौकापलीकडे दुसरी हद्द सुरू होते, तिथे आम्ही जातच नाही. अंगावर आलेच तर पळू नका, आप्पाला मागे घ्या, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका, हातात बंद छत्री असली तर ती एकदम उघडा, याच्यासारखा उपाय नाही. लीश काही झालं तरी सोडू नका. घाबरलेला ग्रेहाउंड सुटला तर तुम्ही स्कूटरवर पण त्याला गाठू शकत नाही, आणि तो परतीचा रस्ता लक्षात ठेवून पळत नाही.

मोकळा सोडायचा नाही यामागे अजून एक कारण आहे, त्याची नजर. बाकीचे कुत्रे नाकाने जग बघतात, हा डोळ्यांनी. लांबवर काही हललं की झालं, मग तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही. १९१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ओवेन स्मिथ नावाच्या माणसाने ट्रॅकवर विजेवर पळणारा खोटा ससा आणला, १९२६ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला तशी रेस सुरू झाली, आणि तेव्हापासून या जातीला हललं की धाव एवढंच शिकवत आलेत. आता फ्लोरिडाने २०१८ मध्ये मतदान करून रेस बंद करायचं ठरवलं, मकाऊचा ट्रॅक पण त्याच वर्षी बंद झाला आणि पाचशेच्या वर कुत्र्यांना घरं शोधावी लागली, पण आप्पाला हे कोण सांगणार. त्याला वाऱ्याने उडणारी पिशवी पण ससाच वाटते. खार, मांजर, पामेरियन, सगळे ससे. घरात मांजर असेल तर अशाच कुत्र्याला घ्या ज्याची मांजरासोबत टेस्ट झाली आहे, आणि तरी पहिले काही आठवडे तोंडाला जाळी, हातात लीश. जाळी घातली की लोकांना वाटतं चावरा आहे, पण ग्रेहाउंडला जाळीची सवय असते, त्याला काही वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

रस्त्यात लोक विचारतात, मुधोळ आहे का? मराठी माणूस असला तर कारवानी आहे का म्हणतो. हे दोन्ही आपले देशी शिकारी कुत्रे, चुलतभाऊच म्हणायचे सगळे, पण कारवानचे कान खाली लोंबतात आणि ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात, अंगाने पण हा जास्त भरलेला. बिल्डिंगमध्ये कुणी कटकट केली तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्स आहेत, सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. आम्हाला तो कागद काढावा लागला नाही, सासूबाईंनीच सांगून टाकलं की होळकरांचं कुलदैवत खंडोबा, खंडोबाच्या पायाशी कुत्रा, तर इंदुरात कुत्र्याला नाही म्हणणारे आपण कोण. खालच्या मजल्यावरचे गप्प झाले.

चालता चालता हा मध्येच थांबतो, त्याची सवय करून घ्या. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो तसा भर रस्त्यात पुतळा होतो. ओढू नका, एक छोटा गोल फिरवा म्हणजे पाय आपोआप सुटतात.

मे महिन्यात आपल्याकडे चाळीसच्या वर जातं तेव्हा फिरणं सकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊनंतर. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा, तुम्हाला चटका बसला तर त्याला पण बसणार. दुपारी कूलर मस्त चालतो, पण पावसाळ्यात दमट झालं की कूलरचा उपयोग नाही, पंखा आणि ओली चादर. जोरजोरात धापा, दाट लाळ, हिरड्या लालभडक, पाय लटपटणं, यातलं काही दिसलं तर तिथल्या तिथे अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, मग गाडीत घाला. आधी गार करायचं, मग डॉक्टर. डिसेंबर-जानेवारीत उलटं, माळव्याची रात्र दहाच्या खाली गेली की हा कुडकुडतो, त्याला स्वेटर लागतोच. बाजारातले कुत्र्यांचे स्वेटर याला पोटावर ढगळे आणि छातीवर घट्ट होतात, म्हणून सासऱ्यांचा जुना हाफ स्वेटर पोटाकडून टीप मारून घेतला आणि दुसऱ्या एका स्वेटरची बाही कापून त्याची कानटोपी केली. पावसाळ्यात तो बाहेर जायलाच तयार नसतो, छत्री धरून न्यावा लागतो, परत आल्यावर बोटांमधली काळी माती धुऊन कोरडं करा नाहीतर खाज सुटते.

दिवाळीत आठ दिवस दुपारीच लांब फिरवून आणा, संध्याकाळी फक्त खाली शू करून वर, दोन लीश लावून. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याला असली तरी कॉलनीतली पोरं कुठे ऐकतात, त्या दिवशी बाहेर नाहीच.

आणि पळवायचं असेलच, तर आमची युक्ती घ्या. बॉक्स क्रिकेटचं टर्फ, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, सकाळी सहाला कुणी नसतं, अर्ध्या तासाच्या पैशात मिळून जातं. आधी दहा मिनिटं चालवा म्हणजे स्नायू गरम होतील, आजूबाजूला काही पडलेलं नाही ना बघा, जेवण झाल्यावर लगेच नाही आणि उन्हाळ्यात टर्फ तापायच्या आत. मग लीश काढा आणि जाळीला टेकून उभे राहा, गुडघे जरा वाकवून, कारण हा वळताना माणूस बघत नाही. चारही पाय एकदम हवेत, परत जमीन, परत हवेत, एका ढांगेत दोनदा, डोळ्यांनी धड दिसत पण नाही. आमचे महाराज दोन राउंड मारतात, फार झालं तर तीन. अर्ध्या तासाचे पैसे भरलेले असतात, मी म्हणते अजून एक मार की बाबा. तो जीभ बाहेर काढून गेटपाशी जातो, तिथून गाडीपाशी, आणि मागच्या दाराला अंग टेकवून उभा राहतो, मी दार उघडेपर्यंत.